मेलचं वेळापत्रक गच्चीवर ठरतं

जळगावातल्या एका वाळवण-मसाल्याच्या गृहउद्योगासाठी वर्षभराच्या ई-मेलचं नियोजन आम्ही केलं, त्याची ही नोंद. माल म्हणजे बिबडे (ज्वारीचे पापड), उडदाचे पापड, कुरडया, शेवभाजीचा मसाला आणि कळण्याचं पीठ (ज्वारी-उडदाचं, भरितासोबतच्या भाकरीचं). गिऱ्हाईक मूळचं अमळनेर, पारोळा, साक्री, रावेर, शहाद्याकडचं, पण आता राहायला हडपसर, ठाणे, सुरत, नाहीतर थेट दुबईत. व्हॉट्सअॅप होतंच. पण ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ नंबर बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. प्रदर्शनात एकदा पापड घेऊन गेलेला माणूस नंबर कशाला सेव्ह करतोय? त्याचा ई-मेल मात्र बिलावर असतो.

पहिल्या बैठकीत सगळ्यांना मेलमध्ये काय लिहायचं यावर बोलायचं होतं. तो विषय बाजूला ठेवून आधी पॅकिंगचं टेबल मोजलं. दिवसाला ४० खोके निघतात, त्यापुढे हात चालत नाही, कारण बिबडा घाईत भरला की पुण्याला चुरा पोचतो. हजार जणांना एकाच सकाळी मेल गेली आणि १२० ऑर्डरी आल्या, तर शेवटचा खोका तिसऱ्या दिवशी संध्याकाळी निघणार, त्यावर कुरिअरचे तीन-चार दिवस. आठवडाभर वाट बघून वैतागलेला माणूस पुढची मेल उघडत नाही, थेट 'स्पॅम'चं बटण दाबतो. म्हणून यादीचे तीन भाग केले आणि एकच मेल दोन-दोन दिवसांच्या अंतराने सोडायची असं ठरवलं. मेल किती जणांना जाईल हा आकडा पॅकिंगवरून काढायचा, यादी केवढी मोठी आहे त्यावरून नाही.

मग दिनदर्शिका. खान्देशी घराचं खाणं ज्या दिवसांवर चालतं तेच दिवस मांडले. फेब्रुवारीच्या मध्यात आगाऊ नोंदणीची मेल, कारण उडीद किती दळायचे आणि लाटायला बाया किती लावायच्या हे त्यावरून कळतं. या मेलमध्ये विक्री नाही, फक्त 'यंदा किती किलो लागतील?' एवढा प्रश्न आणि तीन पर्याय. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी दोन मेल: पहिली २४ दिवस आधी, दुसरी १२ दिवस आधी आणि तीत 'या तारखेनंतर आलेली ऑर्डर सणाला पोचणार नाही' असं स्पष्ट लिहिलेलं. त्यानंतर गप्प बसायचं. सणाला चार दिवस उरले असताना मेल टाकून मागितलेली ऑर्डर म्हणजे नंतरची तक्रार. पावसाळ्यात पापडाचं नावही काढायचं नाही, दमट हवेत तो वाटेतच मऊ पडतो. तेव्हा मसाला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई (खान्देशातली देवी) बसते, तेव्हा दुकान बंद असतं, म्हणून आदल्या आठवड्यातच 'कुरिअर मंगळवारपासून' असं कळवायचं. थंडीत भरीत. भरीत खोक्यातून पाठवता येत नाही, पण कळण्याचं पीठ जातं. डिसेंबरच्या मेलमध्ये कपाशीच्या पऱ्हाट्यांऐवजी गॅसवर हिरवं वांगं कसं भाजायचं ते लिहिलं, खाली पिठाची लिंक. वर्षभरातल्या मेलमध्ये सर्वात शांतपणे चालणारी मेल हीच.

एवढं झाल्यावर एकगठ्ठा मेल पाठवणाऱ्या सेवेत तारखा घालून सगळ्या मेल आपोआप सुटतील अशी सोय करायचा मोह होतो. आम्हीही केली होती. मार्चमध्ये तीन दिवस ढग आले, अवकाळीचे शिंतोडे पडले, गच्चीवरचे बिबडे अर्धे ओले असतानाच आत घ्यावे लागले, आणि इकडे 'नवे बिबडे तयार' ही मेल ठरलेल्या वेळी निघून गेली. तेव्हापासून मालाची एकही मेल तारखेवर लावत नाही. मेल लिहून, तपासून मसुद्यात पडून राहते. गच्चीवरून 'माल डब्यात गेला, इतके किलो' असा फोन आला की मगच बटण. आपोआप जाण्याची सोय फक्त अशा मेलना, ज्यांचा उन्हाशी संबंध नाही: स्वागताची, ऑर्डर पोचल्यानंतरची आणि मसाला संपत आल्याची.

मसाल्याच्या मेलचा हिशेब साधा. पाकीट २५० ग्रॅमचं. चार माणसांच्या शेवभाजीला २५ ग्रॅम, म्हणजे दहा वेळा. आठवड्यातून एकदा धरली तर दहा आठवडे. म्हणून आठव्या आठवड्याला मेल: 'डबा तळाशी आला असेल'. हा आकडा अंदाजाने टाकू नये, आपल्याच जुन्या बिलांत त्याच माणसाच्या दोन ऑर्डरींमधलं अंतर बघावं. मोठ्या कुटुंबांचं अंतर सहा आठवड्यांचं निघालं, त्यांचा वेगळा गट केला.

यादी हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि सगळं त्यावरच उभं. सुरुवातीला २,३४० पत्ते होते. १,३१० ऑनलाइन ऑर्डरींचे, ६२० प्रदर्शनाच्या वहीतले, आणि ४१० 'आपल्या मंडळाची यादी आहे, घ्या' म्हणून कुणीतरी दिलेले. ते ४१० त्याच दिवशी काढून टाकले. त्या लोकांनी आपल्याला काही विचारलेलं नाही, त्यांची संमती नाही. त्यात बंद पडलेले पत्ते असतात, आणि काही तर स्पॅम पाठवणाऱ्यांना पकडण्यासाठीच मुद्दाम चालू ठेवलेले असतात. त्यावर एक मेल गेली तरी तुमच्या डोमेनचं (पत्त्यात @ च्या पुढे येतं ते) नाव खराब होतं, आणि ते सुधारायला महिने लागतात. उरलेल्या १,९३० मधून २७० दुहेरी निघाले. एकाच माणसाचे दोन पत्ते, एकच पत्ता मोठ्या-लहान अक्षरांत, असे. वहीतलं हस्ताक्षर हा वेगळाच छळ: 'जीमेल'च्या स्पेलिंगमधली अक्षरं उलटसुलट, 'कॉम'च्या जागी 'कॉन', मधलं टिंब गायब. जे नि:शंक वाचता आले ते दुरुस्त केले, ९० सोडून दिले. अंदाजाने दुरुस्त केलेला पत्ता दुसऱ्याच कुणाचा असू शकतो.

राहिले १,५७०. त्यातल्या १,१२० जणांनी ऑर्डरच्या वेळी 'सणासुदीला कळवा' या चौकटीत स्वतः खूण केली होती. ती चौकट आधीपासून खूण करून ठेवायची नसते, हे वेबसाइट करणाऱ्याला दोनदा सांगावं लागतं. वहीतल्या ४५० जणांना एकच मेल टाकली: 'प्रदर्शनात तुम्ही पत्ता दिला होता. वर्षातून आठ-दहा वेळा लिहू. चालेल तर इथे दाबा, नाहीतर पुन्हा लिहिणार नाही.' १६० जणांनी दाबलं. बाकीच्यांना खरोखरच पुन्हा लिहिलं नाही. मालकीणबाईंना २९० पत्ते जाताना जिवावर आलं, ते स्वाभाविक आहे. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती स्पष्ट हवी, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच काढून घेणंही सोपं हवं. काउंटरवर फोन करून कुणी 'मेल बंद करा' म्हणालं, तर तेही त्याच दिवशी यादीत चढायला हवं. त्यासाठी फोनशेजारी एक वही ठेवली.

यादी झाली १,२८० ची. आता तांत्रिक बाजू. इथे लोक घाबरतात, पण काम दोन तासांचं आहे.

साध्या जीमेलवरून हे करता येत नाही. तिथे दिवसाला ५०० जणांची मर्यादा आहे, आणि जीमेलचाच पत्ता मेलच्या सेवेत 'पाठवणारा' म्हणून घातला तर पडताळणीत मेल नापास होते, कारण जीमेलच्या वतीने पाठवायचा अधिकार त्या सेवेला नाही. स्वतःचं डोमेन हवं. आम्ही मुख्य डोमेन बिलांसाठी आणि कुरिअरच्या नंबरासाठी ठेवलं आणि सणासुदीच्या मेलसाठी 'पत्र' नावाचं उपडोमेन काढलं. उद्या जाहिरातीच्या मेलचं नाव खराब झालं तरी बिलं स्पॅममध्ये जाण्याचा धोका कमी.

डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनची माहिती जिथे नोंदलेली असते तिथे) तीन नोंदी लागतात. एसपीएफ सांगते की आमच्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात. डीकेआयएम प्रत्येक मेलवर सही करते. डीमार्क सांगते की या दोन्हींत नापास झालेल्या मेलचं काय करायचं. घोळ नेहमीच्या दोन जागी होतो. एक म्हणजे एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच हवी. वेबसाइटवाल्याने एक घातलेली, बिलाच्या सॉफ्टवेअरवाल्याने दुसरी, आणि दोन असल्या की तपासणारा दोन्ही बाद धरतो. दोन्हींतली नावं एकाच ओळीत घालायची, आणि त्या ओळीतून होणाऱ्या चौकश्या दहाच्या आत ठेवायच्या. दुसरा घोळ डीकेआयएमच्या किल्लीचा. २०४८ बिटांची किल्ली लांबलचक असते आणि डीएनएसमध्ये एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात. काही पॅनेल आपणहून तुकडे करतात, काही उरलेली किल्ली न बोलता कापून टाकतात. आमची कापली गेली होती, आणि दिवसभर 'नोंद आहे, पण सही जुळत नाही' असंच दिसत होतं. शेवटी अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून घातली तेव्हा जुळली. डीमार्क सुरुवातीला 'काही करू नका, फक्त कळवा' या पायरीवर ठेवावी, चारेक आठवडे अहवाल बघून आपलीच कुठली मेल नापास होत नाही ना याची खात्री करावी, मग कडक करावी.

तपासायची पद्धत अगदी घरगुती. स्वतःच्या जीमेलवर मेल पाठवायची, उजवीकडच्या तीन टिंबांतून मूळ संदेश उघडायचा. तिन्हींपुढे 'पास' दिसलं की झालं.

जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांना हे सक्तीचं केलं. जीमेलच्या हिशेबात मोठं म्हणजे दिवसाला ५,००० मेल. आपण त्यात येत नाही म्हणून सोडून द्यायचं नाही, कारण लहानांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक लागतंच, आणि तिन्ही असले की मेल इनबॉक्समध्ये पडण्याची शक्यता वाढते. त्याच नियमांत एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडण्याची सोय आणि तशी विनंती दोन दिवसांत अमलात आणणं हेही आहे. स्पॅम म्हणून तक्रारीचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या आत हवं, शक्यतो ०.१ च्या. म्हणजे हजारातला एखादाच. दहा लाख पाठवणाऱ्याला हा आकडा टक्क्यांचा वाटतो. आपल्या यादीत ०.३ टक्के म्हणजे जेमतेम चार माणसं, ज्यांचा खोका उशिरा पोचला.

नव्या उपडोमेनवरून पहिल्याच दिवशी सगळ्यांना पाठवायचं नाही. अनोळखी माणूस एकदम हजार घरांची दारं वाजवायला लागला तर कुणीही शंका घेईल. पहिल्या दिवशी ८०, तेही गेल्या दोन महिन्यांत ऑर्डर दिलेले, कारण ते उघडतात आणि उत्तरही देतात. मग १५०, २५०, ४००, ४००. प्रत्येक टप्प्यात एक दिवस मोकळा. परत आलेल्या मेलही रोज बघायच्या: पत्ताच नाही म्हणून परत आली तर तो पत्ता कायमचा बाद, पेटी भरली म्हणून परत आली तर आणखी दोन संधी.

आता लिहिणं. सगळ्यांना मेल नावानिशी हवी असते. आमच्या यादीत नावाच्या रकान्यात काय होतं? 'पाटील सर', 'रावेरवाले काका', 'एस. पी.', 'मावशी २'. 'नमस्कार पाटील' अशी मेल गेली तर अमळनेरचा माणूस ती वाईट मनानेच वाचणार. 'एस. पाटील' ही ताई की दादा हे कळत नाही, आणि मराठीत क्रियापद तिथेच अडतं: 'तुम्ही आला होतात' की 'आल्या होतात'? म्हणून नावं घातलीच नाहीत. 'नमस्कार,' एवढंच, आणि पुढची वाक्यं लिंग न दिसेल अशी. 'तुम्ही मागवलेले पापड पोचले असतील.' यात कुणी अडखळत नाही.

स्वागताच्या मेलमध्ये शेवटी एक प्रश्न ठेवला: 'तुमचं मूळ गाव कोणतं?' याचे तीन फायदे. लोक उत्तर देतात आणि उत्तर आलेल्या पत्त्यावरची पुढची मेल जीमेल सहसा स्पॅममध्ये टाकत नाही. गावावरून गट पडतात. आणि तिसरा आधी डोक्यात नव्हता, तो भाषेचा. 'आखाजी उनी' (अहिराणीत 'आखाजी आली') हा विषय धुळे, साक्री, पारोळ्याकडच्यांना थेट माहेरी नेतो. यावल-रावेरच्या लेवा बोलीच्या घरात तो शेजारच्याचा वाटतो. त्यांना साध्या मराठीत 'आखाजीचे पापड निघाले'. हे अर्थातच उत्तर देणारा माणूस बसलेला असेल तरच. 'या पत्त्यावर उत्तर देऊ नका' असा पत्ता असेल तर हा सगळा खेळ बंद.

विषयाची ओळ मोबाइलवर तीस-पस्तीस अक्षरांनंतर कापली जाते, म्हणून माल पहिल्या दोन शब्दांत. 'खास तुमच्यासाठी आकर्षक सवलत' यात माल कुठेय? 'नवे बिबडे, १५ तारखेपर्यंत' यात आहे. विषयाखाली फिकट अक्षरांत दिसणारी ओळ वेगळी लिहायची, नाहीतर तिथे 'ही मेल नीट दिसत नसल्यास' असलं काहीतरी येऊन बसतं.

देवनागरीची दुखणी वेगळी आहेत आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत ती सापडत नाहीत. जीमेल बाहेरून जोडलेले फॉन्ट घेत नाही, म्हणून सुंदर फॉन्टवर वेळ घालवू नये, फोनमधला जो आहे तोच दिसणार. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या १.६ पट तरी हवं, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांत जातात. जीमेल १०२ केबीहून मोठी मेल मधेच कापतं आणि आपलं 'यादीतून बाहेर पडा' तळाशी असतं, म्हणजे नेमकं तेच दिसत नाही. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, रोमनचं एक. त्यातच काही संपादक 'क' ऐवजी आत 'क' अशा धर्तीचा सांकेतिक आकडा भरतात, तो सात बाइटांचा. वर्डमधून उचलून चिकटवलं की फॉर्मॅटिंगचा कचरा आणखी वेगळा. चार परिच्छेदांची मेल कापली गेली तेव्हा हेच कारण निघालं. साध्या नोटपॅडमधून चिकटवली, निम्म्याने हलकी झाली.

मजकूर चित्रात लिहून एकच मोठं पोस्टर पाठवायची आपल्याकडे फार आवड. चित्रं बंद असलेल्या फोनवर ती मेल कोरी पांढरी दिसते. एक फोटो पुरे, ६०० पिक्सेल रुंद, शंभरेक केबीचा, आणि चित्र दिसलं नाही तरी वाचता येईल अशी पर्यायी ओळ त्याला जोडलेली. बटणही एकच.

परदेशातल्यांचा गट शेवटी उलगडला. त्यांना इतरांसारख्याच मेल जात होत्या आणि ते उघडत होते, पण घेत नव्हते. उघड आहे, कुरडयांचा खोका दुबईला पाठवायचा खर्च कुरडयांहून जास्त. त्यांच्या मेलचा मजकूर बदलला: आखाजीला 'आई-बाबांच्या घरी पोचवू', आणि नोव्हेंबरच्या शेवटी, सुट्टीत गावी यायच्या आधी, 'बॅगेत बसेल असं पॅकिंग'. वेळही बदलली. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, तिथे आपली सकाळी नऊची मेल साडेसातची ठरते.

मोजमापात 'किती जणांनी उघडली' या आकड्यावर फार विसंबू नये. सप्टेंबर २०२१ पासून अॅपलच्या मेल अॅपमधली गोपनीयतेची सोय चालू असली की माणसाने मेल उघडली नसतानाही चित्रं आधीच उतरवून घेतली जातात, आणि आपल्याकडे 'उघडली' अशी नोंद होते. क्लिक आणि ऑर्डर मोजाव्या. त्यातही आपल्याकडची अडचण अशी की लोक मेल वाचतात आणि बटण न दाबता सरळ फोन करतात, 'ताई, ते मेलमधले बिबडे, दोन किलो.' मग मेलच्या खात्यावर शून्य दिसतं. यावर उपाय म्हणून प्रत्येक मेलमध्ये एक शब्द ठेवला: 'फोनवर "गच्ची" म्हणा, डबा मोफत.' काउंटरवर वहीत रेघ ओढायची. पहिल्याच मेलमध्ये वेबसाइटवरच्या ऑर्डरींपेक्षा रेघा जास्त निघाल्या.

दोन विषय लिहून कुठला चालतो ते बघायचा प्रयोग लहान यादीवर फसवतो. १२० आणि १२० जणांना पाठवून एकीकडे ९ क्लिक आणि दुसरीकडे ६ आले, तर तो निव्वळ योगायोग असू शकतो. त्यापेक्षा दोन वर्षं त्याच सणाच्या मेलची तुलना उपयोगी पडते.

शेवटचा निर्णय निष्क्रिय पत्त्यांचा. सर्वसाधारण सल्ला असा की सहा महिने काहीच हालचाल नसेल तर पत्ता काढा. तो इथे लावला असता तर निम्मे पक्के गिऱ्हाईक गेले असते, कारण ही माणसं वर्षातून एकदा, आखाजीलाच, घेतात. ऑक्टोबरात ती मेलेली दिसतात. आम्ही मुदत १४ महिन्यांची ठेवली, म्हणजे एक आखाजी पूर्ण येऊन जावी आणि वर दोन महिने. त्यानंतर एकच मेल: 'आखाजी येऊन गेली, भेट नाही. पत्ता ठेवू की काढू?' खाली दोन बटणं. 'काढा' दाबणारे थोडे. काहीच न दाबणाऱ्यांचे पत्ते महिनाभराने काढतो. आणि काही जण बटण सोडून उत्तरच लिहितात, 'ठेवा. यंदा मुलीचं लग्न होतं, पापड घरीच लाटले.'